डाव्या काठाचे भोयर सर

भोयर सरांविषयी मी जे काही सांगेन त्याला वाचणाऱ्याने दोनाने भागावं. ही सूचना माझी नव्हे, खुद्द सरांची. सहावीत असताना एकदा मी शाळेत उशिरा पोचलो आणि वाटेत आठ हात लांब साप आडवा आला होता, असं कारण ठोकून दिलं. सरांनी खडू टेबलावर ठेवला, दोन बोटं वर केली आणि म्हणाले, "बबन्या, भागिले दोन."

"चार हात, सर."

बोटं वरच.

"दोन हात होता, सर."

बोटं तरी वरच. असं होता होता साप वीतभर उरला आणि ते गांडूळ होतं हे मी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. पुढे चाळीस वर्षं हेच चाललं. मी सांगायचो, सर भागायचे. आर्वीच्या बाजारात माझं बियाण्यांचं दुकान आहे. मी कपाशीच्या झाडाचं वर्णन सुरू केलं की गिऱ्हाईक बियाण्याच्या आधी शिडी मागतं. सरांसारखं भागणारं माणूस आता राहिलं नाही, तेव्हा ते काम तुमच्याकडे. फक्त शेवटचा भाग भागू नका. तो भागून झालेला आहे.

सर इतके किडकिडीत होते की पावसाळ्यात नुसती छत्रीच शाळेकडे चालत येताना दिसायची. अगदी जवळ आली की मग तिच्याखाली चपला दिसत. पण आवाज! वर्गात त्यांनी 'सायलेन्स' म्हटलं की आर्वीच्या डेपोतून सुटलेली एसटी जागच्या जागी थांबायची. बरं, रोहण्याच्या थांब्यावरची म्हणा. मारत मात्र कधी नसत. चुकणाऱ्याकडे नुसते बघत राहत, आणि त्यापेक्षा दोन छड्या बऱ्या, असं वाटायला लावत.

आमचं गाव वर्धा नदीला लागून, रोहण्याहून बैलगाडीने तासाभरावर. 'होतं' म्हणायला पाहिजे. आता तिथं पाणी आहे. त्या गावच्या शाळेत सर इंग्रजी शिकवत. इंग्रजीत शब्द लाखभर असतील, पण सरांचा जीव चार शब्दांत अडकलेला. पाण्याशेजारच्या जमिनीला इंग्रज काय काय म्हणतो, ते चार शब्द. बँक, शोअर, कोस्ट आणि बीच.

आमच्याकडे या सगळ्याला मिळून एकच शब्द, थडी. नदीची थडी, तलावाची थडी. सातवीतल्या एका बहाद्दराने तर 'मुंबई समुद्राच्या थडीले हाये' असंही लिहिलं होतं. सर कपाळाला हात लावत.

"थडी, थडी, थडी! काय लावलं बे हे? अरे, पाणी जसं तशी त्याच्या बाजूची जमीन. नदी वाहते, तिले बँक. तलाव भरते न् आटते, त्याले शोअर. समुद्रावरून देशाकडे पाह्यलं का दिसते थे कोस्ट. रेती असली न् पोट्टे लोळले, का बीच. सगळ्याईले एकच नाव देसान तर पाय कुठी ठेवायचा थे कसं समजीन?"

पाय कुठं ठेवायचा. हे वाक्य आम्ही दरवर्षी ऐकलं. इंग्रजीचं पुस्तक आणि आपला पाय यांचा संबंध काय, हे आमच्यातल्या एकालाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

दर हिवाळ्यात आठवीचा वर्ग नदीवर भरायचा. हजेरीपुस्तकासकट. सर पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन घोटाभर पाण्यात उभे, मागे आम्ही चाळीस पोट्टे-पोट्ट्या, सगळ्यांची तोंडं नदी जाते त्या दिशेला. "पाणी जाते तिकडे तोंड करा. आता डावा हात वर! त्या बाजूले लेफ्ट बँक. उजवा हात वर! राइट बँक." आमच्या उजव्या हाताला अमरावती जिल्हा आणि डाव्या हाताला आमचं गाव. मग सर छाती फुगवून म्हणत, म्हणजे त्यांच्याकडे जेवढी छाती होती तेवढी फुगवून, "वुई आर पीपल ऑफ द लेफ्ट बँक. कोणी पुसलं कुठचे, तर सांगजा, डाव्या काठाचे." मी पुढे नागपूरला कॉलेजात गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी एका मास्तरांना हे सांगितलं. त्यांनी मला कुठल्या तरी पक्षाचा समजून मागच्या बाकावर बसवलं.

समुद्र मात्र वर्ध्यात मिळत नव्हता. सरांनी तो घमेल्यात आणला. लोखंडी घमेलं, एका बाजूला नदीची रेती उतरती लावलेली, दुसऱ्या बाजूला पाणी. सर दोन्ही हातांनी ते हलवत आणि ओरडत, "वेव्ह! वेव्ह! धिस इज बीच!" पहिल्या बाकावर ओहोटी, दुसऱ्या बाकावर भरती. एकाने शंका काढली, "सर, समुद्राचं पाणी खारट राह्यते म्हणते." दुसऱ्या दिवशी सर घरून मिठाचा पुडा घेऊन आले. तो समुद्र मी ओंजळभर प्यालो आहे. तीन दिवस माझ्या वरणात कोणाला मीठ घालावं लागलं नाही.

परीक्षेत रिकामी जागा भरायची होती. आम्ही नदीच्या 'कशावर' बसलो? मी लिहिलं, 'बैलगाडीवर'. सरांनी अर्धा गुण दिला. म्हणाले, "बसता तर येते."

इतकं हसून झालं. आता धरण.

धरणाची बातमी आमच्या लहानपणापासून होती. इतकी जुनी, की लोक तिच्यावर विश्वास ठेवायचंच विसरले होते. मग एक दिवस गावच्या पारावर खुर्च्या लागल्या आणि एक साहेब बोलायला उभे राहिले. माणूस गोड होता. म्हणाले, घाबरू नका, तुमचा नदीकाठ कुठं जात नाही. उलट नवं गाव वर वसवू, आणि तुम्हाला पहिल्यापेक्षा मोठा काठ मिळेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भोयर सर उभे राहिले. तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते.

"साहेब, काठ मोठा नाई होत," सर म्हणाले. "आमच्यापाशी बँक हाये. पाणी कुठवर येते न् कुठी थांबते, हे आमच्या आजोबाच्या आजोबाले ठाऊक होतं. तुमी जे देऊन राह्यले थे शोअर हाये. थे आज इथी, उद्या तिथी. पोटात गाळ. माह्या लोकाईले थ्यावर चालता येत नाई, साहेब. त्याईले फक्त बँकवर चालता येते."

साहेबांनी 'शिक्षक आहेत वाटतं' असं शेजाऱ्याला विचारलं आणि सरांसाठी वेगळ्या टाळ्या वाजवायला लावल्या. त्याही लोकांनी वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

गाव वर आलं. सिमेंटची घरं, सरळ रस्ते, आणि खाली जिथं नदी होती तिथं अमरावतीपर्यंत नुसतं पाणी. उन्हाळ्याकडे ते मागे सरकलं की गाळाची जमीन उघडी पडायची. तिला गाळपेर म्हणतात, तिच्यात काकडी-डांगरं जोमाने येतात. सगळ्यात आधी तिथं उतरली मैनाबाई. पूर्वी नदीच्या रेतीत तिच्या डांगराच्या वाड्या असत. नवरा लवकर गेलेला, तीन पोरी तिने डांगरांवर उजवल्या. एक म्हैस, एक बकरी आणि एक जीभ एवढी तिची इस्टेट, आणि त्यातली जीभ सगळ्यात दुभती. सरांना ती मास्तर म्हणायची. सर त्या काळात नवाच छंद लावून बसले होते. वहीत आपल्याकडचे शब्द उतरवत होते. थडी, दरड, पाळ, रेती, गाळपेर. इतकी वर्षं ज्या शब्दांवर चिडले तेच.

"मास्तर," मैनाबाईने एकदा विचारलं, "तुमच्या इंग्रजीत चिखलाले किती नावं जी?"

सर खुलले. "लय हायेत, मैनाबाई. मड हाये, सिल्ट हाये, स्लश हाये, ऊझ हाये..."

"मंग त्याच्यातला माणूस गिळते थो कोन्ता?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "शोधून सांगतो," म्हणाले.

"शोधा बाप्पा. थोच कामाचा हाये. बाकीचे आमाले ठाऊक हायेत."

दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं. इतकं, की बुडालेल्या गाडीवाटेच्या वळणावरची बाभूळ वर आली. वाळून काळी झालेली, पण उभी. ती बाभूळ सरांच्या थोरल्या भावाची, नामदेवदादांची. दादा पाचवीही शिकले नव्हते. धाकट्याला खांद्यावर बसवून नदी ओलांडून शाळेत सोडायचे, म्हणून धाकटा इंग्रजी शिकला. त्या बाभळीमागे दादांचं वावर होतं. साठ वर्षं ती वाट त्यांनी तुडवली होती, अंधाराची, पावसाची, झोपेतली.

"माह्या बाभळीपाशी जाऊन येतो," दादा म्हणाले.

"दादा, नको जाऊ. थे आता बँक नोहे. शोअर हाये."

"तुह्या इंग्रजीनं माह्यी वाट हलत नाई बे," दादा हसले आणि निघाले.

वाट हलली नव्हतीच. ती बरोबर तिथंच होती, पाच हात गाळाखाली. दादांचे पाय वाटेवर बिनचूक पडत गेले, दरेक पाऊल जिथं साठ वर्षं पडलं तिथंच. आमच्याकडची माणसंच अशी चूक करू शकतात. परका माणूस तिथं पाय ठेवायला घाबरला असता. दादांना प्रत्येक खड्डा पाठ होता, म्हणून ते डोळे न उघडल्यासारखे चालत गेले आणि कमरेपर्यंत बुडाल्यावर थांबले. सर कोरड्यावर उभे होते. "दादा, हलू नको! आडवा पड! आडवा पड, दादा!" तोच आवाज, ज्याने एसटी थांबायची. आम्ही दोर आणला, शिडी आणली, खाटा आणून गाळावर टाकल्या. खाट पुढे सरकायची आणि हळूच आत जायची. दादा ओरडले नाहीत. धाकट्याकडे बघत राहिले. दुपारी काढलं त्यांना. इथं भागाकाराला काही नाही.

तेरवीला मैनाबाई आली. सरांच्या समोर बसली. उठताना एवढंच म्हणाली, "माह्या जिभेले आग लागो, मास्तर." तो शब्द सापडला का, हे तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी सर आठ फुटी बांबू घेऊन खाली उतरले. काखेत काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, जुन्या लाल लुगड्याचे फाडलेले तुकडे आणि तुरीच्या काड्यांचा भारा. पद्धत त्यांनी स्वतः बसवली होती. एक पाऊल टाकण्याआधी बांबू खुपसायचा. टणक लागलं तर पाऊल. बांबू वीतभर आत गेला की मागे यायचं, तिथं काडी रोवायची आणि लाल चिंधी बांधायची. मग डावीकडे सरकून पुन्हा तेच. अशी गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळ. पाणी रोज हलायचं, उन्हाने गाळ कुठं आवळायचा, कुठं वरून सुकून आत तसाच राहायचा. म्हणून ओळ रोज नव्याने लावायची. दादांच्या जागेपासून सुरुवात. आदल्या दिवशीच्या काडीवर विश्वास ठेवायचा नाही, हा नियम. आणि लोकांसाठी एकच वाक्य, "झेंड्याच्या अलीकडे माणूस, पलीकडे देव."

लोक पहिल्यांदा हसले. हसण्यात पुढे कोण असणार?

"मास्तर, कोन्ती पार्टी काढली जी? निशाणी काय हाये, चिखल?"

"हाव," सर काडी रोवत म्हणाले. "तुम्हीच उमेदवार, मैनाबाई."

"मंग झेंड्याले सलामी देऊ का?"

"सलामी नको. झेंड्याच्या पलीकडे फकस्त नका जाऊ."

पण त्याच उन्हाळ्यात कोणाचा तरी गोऱ्हा दोन झेंड्यांमधून निसटून पलीकडे गेला आणि लोकांच्या डोळ्यांसमोर, चार पावलांत, शिंगांपर्यंत गेला. त्या दिवसापासून हसणं बंद. पुढच्या वर्षी मैनाबाईची एकुलती बकरी पलीकडे अडकली. ओरडत होती, हाक मारल्यासारखी. मैनाबाई झेंड्याला पाय लावून उभी राहिली, रडली, बकरीला शिव्या दिल्या, देवाला दिल्या, सरांनाही दिल्या, पण तिचं बोटसुद्धा ओळीपलीकडे गेलं नाही. बकरी गेली. सर म्हणाले, "चाळीस वर्षं शिकवलं, बबन्या. पहिल्या नंबरचा विद्यार्थी आता भेटला."

सात वर्षं सर रोज उतरले. मी आर्वीहून रविवारी गावी गेलो की कधी त्यांच्यामागे चिंध्या धरून चालायचो आणि बाजारातल्या बाता ठोकायचो. सर बांबू खुपसता खुपसता, मागे न बघता, दोन बोटं वर करायचे. सात वर्षांत एक माणूस गेला नाही. मी हा आकडा कोणालाही वाढवून सांगितला नाही, कारण शून्य वाढवता येत नाही.

काय काय मोडू शकतं याचा विचार सरांनी केला होता. काडी मोडेल, चिंधी उडेल, गुरं झेंडे खातील. स्वतः मोडू, हे त्यांच्या वहीत नव्हतं.

माघात एका सकाळी ते शेवटच्या काडीला चिंधी बांधत असताना तिथंच बसले. मैनाबाईच्या ध्यानात आलं. तिने पाहिलं तर सरांचा उजवा हात मांडीवर दुसऱ्या कोणाचा असावा तसा पडलेला, तोंड एका बाजूला गेलेलं. तिनेच आरडाओरडा करून माणसं जमवली. गाडी करून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

सगळं गाव सरांच्या काळजीत होतं. झेंड्यांची काळजी कोणालाच नव्हती, कारण झेंडे जागेवर होते.

त्यानंतर आठवड्याभरात वरच्या धरणातून पाणी सुटलं. सूचना होती, भोंगा वाजला होता, रीतसर सगळं झालं. पाणी हळूहळू चढलं, झेंड्यांच्या गळ्याला लागलं, चार दिवस राहिलं, तसंच हळू उतरलं. जाताना वीत-दीड वीत नवा गाळ पसरून गेलं आणि खालचा जुना भिजवून लोण्यासारखा करून गेलं. मग ऊन पडलं. दोन दिवसांत वर साय धरली. करडी, कोरडी, भेगाळलेली, दिसायला जुन्या जमिनीसारखी. आणि त्या सायीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरांचे लाल झेंडे सरळ ओळीत उभे. अलीकडे माणूस, पलीकडे देव.

त्या दिवशी सकाळी मी सेवाग्रामला पोचलो. सर उशाला टेकून बसले होते. बोलायला शिकवणारी एक तरुण मॅडम त्यांना चित्रांची कार्डं दाखवत होती. पहिल्या कार्डावर नदी आणि हिरवा काठ. "काय आहे हे, सर?"

सरांचे ओठ बराच वेळ जुळवाजुळव करत राहिले. "थ... थडी."

दुसरं कार्ड, तळं. "थडी." तिसरं, समुद्र, पांढरी रेती, नारळ. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना ठाऊक होतं. मी शपथेवर सांगतो, तो शब्द त्यांना आतून दिसत होता, हाताला येत नव्हता. "थडी," ते म्हणाले.

मॅडमने शाबासकी दिली. मला तिथून पळून जावंसं वाटलं. म्हणून मी स्टुलावर बसलो आणि सुरू झालो. तोच माझा धंदा. आर्वीच्या बाजारात एका शेतकऱ्याने आणलेला कोहळा, जो उतरवायला क्रेन लागली. त्या कोहळ्यात निघालेला उंदीर, त्या उंदराचं लग्न. काकू पदर तोंडाला लावून हसल्या, आजारपण सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. पुढच्या खाटेवरचा म्हातारा हसला. सर डाव्या हाताची दोन बोटं अर्धवट वर करत होते. मला हुरूप आला. तासभर बोललो. आणि बोलण्याच्या भरात, गावचं काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं, "न् सर, तुमची नदी तुमाले पाह्याले आलती! पाणी चढलं न् पार झेंड्याच्या गळ्याले लागलं. चार दिवस राह्यलं. आता उतरलं. झेंडे जशेच्या तशे! एक हलला नाई."

सरांचा चेहरा बदलला. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की मी ओरडलो. मग मनगट सोडून चादरीवर एक आडवी रेघ ओढली आणि त्या रेघेत बोट खुपसलं. पुन्हा खुपसलं. पुन्हा. "थडी! थडी! थडी!"

"पाणी पाह्यजे का जी?" काकूंनी विचारलं. सरांनी पेला भिरकावला. मी बेडपॅन मागवलं. मॅडम पुन्हा कार्डं घेऊन आली. सर रेघ ओढत होते, खुपसत होते, आमच्याकडे एकेकाकडे बघत होते. ज्या माणसाकडे एका काठासाठी चार शब्द होते, त्याच्याकडे आता एकच होता, आणि तो आम्हा सगळ्यांना समजत होता म्हणूनच कोणाला काही समजत नव्हतं. शेवटी सिस्टरने त्यांना झोपेचं इंजेक्शन दिलं.

मला उमजलं ते परतीच्या एसटीत, वर्धा सुटल्यावर. माझंच बोट माझ्याच मांडीवर ती खुपसण्याची खूण करत होतं. बांबू. वीतभर आत. मागे ये.

मी फोन काढला. शेजाऱ्याला लावला, उचलला नाही. सरपंचाला लावला. पोलीस पाटलाला लावला. मैनाबाईच्या धाकट्या पोरीला लावला. घंटा जात होती. गावात चार फोन एकाच वेळी कोणी उचलत नाही, याचा अर्थ सगळे एकाच जागी उभे असतात.

मी पोचलो तेव्हा म्हैस कोरड्यावर रवंथ करत होती. मैनाबाईला काढून खाटेवर ठेवलं होतं. ती नेहमीसारखी म्हशीला पाण्याकडे घेऊन गेली होती. म्हैस मधेच अडली, पुढे येईना. मैनाबाईने तिला शिव्या घातल्या, हे लोकांनी ऐकलं. "काऊन घाबरून राह्यली वं? मास्तराचा झेंडा दिसून राह्यला नाई का तिकडे?" म्हणाली, आणि वाट दाखवायला आपण पुढे झाली. ती गेली ती जागा मी बघितली. झेंड्याच्या अलीकडे. पुरी चार पावलं अलीकडे. नियमात.

तेव्हा किती वाजले होते, हे लोकांनी सांगितलं. मी वेळ जुळवली. मी कोहळ्याच्या क्रेनपाशी होतो.

संध्याकाळ व्हायच्या आत मी आणि चार पोरांनी शिड्या टाकून, पोटावर सरपटत, एकूण एक झेंडा उपटला. हे मी केलं. याला कोणी साक्षीदार मागितला तर गाव आहे.

आठ-दहा दिवसांनी पुन्हा सेवाग्रामला गेलो. काकूंनी मला वऱ्हांड्यातच गाठलं. "बबन, त्याईले नको सांगू रे. मी तुह्या पाया पडतो. डॉक्टर म्हणते, दुसरा झटका आला तं नाई राहत. तुले तं बोलता येते. काहीबी सांग."

मला बोलता येतं. खरं आहे ते. आत जाताना मी आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट आधी जुळवून घेतली. लहान ठेवली. क्रेन नाही, उंदीर नाही, एकही शब्द जास्तीचा नाही. भागायला काही सापडू नये अशी.

सर आणखी आक्रसले होते. मला पाहिलं आणि चादरीवर रेघ ओढली. या वेळी खुपसलं नाही. रेघेवर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिले. चुकणाऱ्याकडे वर्गात बघायचे तसे.

मी स्टुलावर बसलो.

"सर, त्या दिवशी मले समजलं. झेंडे सगळे काढले. एकबी नाई ठेवला."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. बोट रेघेवरच.

"न् मैनाबाई मजेत हाये. तुमाले पुसत होती."

आवाज नीट निघाला. अडखळलो नाही, खाली बघितलं नाही. काकू माझ्या मागे उभ्या होत्या. सर बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग चादरीवरची रेघ त्यांनी तळहाताने पुसली, हळूहळू, फळा पुसावा तशी. आणि डावा हात उचलून दोन बोटं वर केली.

मी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. दोनाने भागल्यावर एक उरते, आणि कुठली उरवायची ते त्यांना ठाऊक होतं.

मी उठलो. दाराशी जाऊन वळून बघितलं तेव्हा सरांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. हात तसाच वर होता.